अर्धवट मंचुरियन

हल्ली टीव्हीवर स्वयंपाक करताना माणसं रडतात. केक खाली बसला की हुंदका, मागून व्हायोलिन, मग परीक्षकाचा गंभीर चेहरा. माझ्या लहानपणी, नव्वदच्या आसपास, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या एक बाई यायच्या. त्या हसत नसत. "एक वाटी मैदा" हे शब्द त्या बातम्या वाचाव्यात तसे वाचायच्या. पुढे केबल आली आणि बाईंच्या शेजारी एक निवेदिका उभी राहिली. तिचं काम एकच, समोरची मीठ टाकायला लागली की "आता आपण काय टाकतोय, ताई?" असं विचारायचं. आई तांदूळ निवडता निवडता तिला इथूनच उत्तर द्यायची, "मीठ गो बाय, डोळे हायेत ना?"

तरी आई कार्यक्रम चुकवत नसे. अडचण विजेची होती. दोन हजार सालानंतर आटगावात भर दुपारी लोडशेडिंग सुरू झालं, तेही नेमकं कार्यक्रमाच्या मध्यावर. त्यामुळे आमच्या घरी प्रत्येक नव्या पदार्थाची सुरुवात टीव्हीची आणि शेवट आईचा. शेवट बहुतेक एकच असायचा: चिंच, गूळ आणि घरचा मसाला. मॅकरोनीसुद्धा आमच्याकडे आंबटगोड लागायची.

अशात मला बघायला मुरबाडचे लोक येणार असं ठरलं. आधीच्या दोन स्थळांनी "कळवतो" म्हणून कळवलं नव्हतं आणि त्याचं मला काही वाटलं नव्हतं. या वेळी वाटणार होतं. या मुलाला मी एका लग्नात पाहिलं होतं. तो पंगतीत भात वाढत होता, आणि मी "नको" म्हटल्यावर त्यानं खरंच वाढला नाही. आमच्या भागात असा माणूस सापडत नाही. माझ्याकडून लग्न तेव्हाच ठरलं होतं, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

आईनं जाहीर केलं, पोहे करायचे नाहीत. "पोहे काय, कोनीपन करतं." त्याच आठवड्यात टीव्हीवर कोबीचं मंचुरियन दाखवलं होतं. कोबी किसला, मैदा घातला, गोळे वळले, तळले आणि लाइट गेली. पुढचं आईनं स्वतःच्या जबाबदारीवर ठरवलं: गोळे आहेत, म्हणजे आमटी असणार. मी खूप विनवलं, नुसते तळून दे, भजी म्हणून खपतील. ती म्हणाली, "बाईनं दुसरी कढई काढून ठेवलेली, मी बघितलं. ती काय शोभेला?" मी चिंच भिजत घातली.

पाहुण्यांसमोर मी वाट्यांचा ट्रे नेला. मुलाच्या आईनं चमच्यानं एक गोळा वर काढून पाहिला.

"गोळ्यांची आमटी का, ताई?"

"मंचुरियन," आई म्हणाली.

बाबा पंख्याकडे बघू लागले. मुलानं खाली मान घालून वाटी संपवली. मुलाची आई दुसरा घास घेऊन म्हणाली, "याच्यात सोया सॉस घालतात. काळा. मग कॉर्नफ्लोअरचं पानी. टीव्हीवर बघितलंय मी." आईचा चेहरा उतरला. हेही स्थळ गेलं असं मी धरून चालले. मग त्या बाईंनी आवाज खाली आणला.

"पन हे गोळे कसे केले? आमच्याकडं लाइट येते तवा बाई रस्साच ढवळीत असते. आत काय सोडलंय ते आमाला कधी कळतच नाय. मी अंडी सोडली."

आई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आमच्याकडे लाइट जायची तेव्हा मुरबाडला ती परत यायची. दोघी एकेक पदार्थ काढून जुळवायला लागल्या. मला कुणी शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही, नावसुद्धा विचारलं नाही. बाबा आणि मुलाचे वडील भाताच्या लावणीवर बोलून बोलून थकले. निघताना मुलाचे वडील म्हणाले, "कळवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि थोड्या वेळानं फोन वाजला. मुरबाडहून होता. आई बोलत होती आणि मी दाराची चौकट धरून ऐकत होते. "बरं. झाकन ठेवून? हां. कितीक वेळ?" तिनं फोन ठेवला आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाली.

"काय म्हणाल्या?"

"पुडिंग वाफवायचं असतं. मी आटवत बसले असते."

"आणि माझं?"

"तुझं काय?" तिला खरंच आठवावं लागलं. "अगो, ते कालच ठरलं. तुला सांगायचं राह्यलं. पायरी उतरताना त्या म्हनाल्या, पोरगी आमची. मी म्हटलं, मंग रोजचा फोन तुमचा."