उरलेल्या खाण्याचं वजन

माझी आत्या औषधांच्या प्रयोगशाळेत जनावरं सांभाळायची. तिथे एका जंतूच्या विषापासून आखडलेले स्नायू सैल करणारं औषध बनत होतं. उंदरांना कितीही टोचा, ते टुणटुणीत! साहेब खूश होऊन त्यावरूनच माणसांचा डोस ठरवायला निघाले. आत्या मात्र रोज सकाळी प्रत्येक पिंजऱ्यातलं उरलेलं खाणं तोलायची. उंदरांच्या डोसच्या शंभराव्या हिश्शानेही गिनीपिगांना घास गिळवत नव्हता, हे तिला तराजूवर दिसलं.

"उंदीर ठणठणीत आहेत ना? मग उगाच फाटे फोडू नका," साहेब म्हणाले.

"माणूस उंदरावर गेलाय की गिनीपिगवर, ते आधी ठरवा. तोवर मी रजिस्टरवर सही करणार नाही," आत्या फणकारली.

साहेब गिनीपिगांच्या पिंजऱ्यापाशी जाऊन बघून आले. डोस गिनीपिगवरून ठरला, अगदी कणभर.

बावीस वर्षांनी पक्षाघाताने आत्याची मूठ आवळली आणि तेच इंजेक्शन तिला मिळालं. दहाव्या दिवशी बोटं उलगडली. आम्ही डॉक्टरांचे आभार मानत बसलो. आत्याने मला कोबी आणायला पिटाळलं. त्याच हातात पानं धरून ती त्या जुन्या प्रयोगशाळेत गेली आणि गिनीपिगांच्या पिंजऱ्यापुढे बसली.

"खा गं बायांनो," ती म्हणाली, "आज उरलेलं तोलणार नाही."