टीव्हीवरच्या अक्षरांची रुजवात

बाबांचे डोळे जायला लागले हे सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं, कारण रोज संध्याकाळी ते माझ्या शेजारी बसून मला टीव्हीवरची अक्षरं वाचून दाखवत होते. मला कळलं नाही. मी टीव्हीला नावं ठेवत बसले.

रत्नागिरीत टीव्ही दिसायला लागून तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. मस्कतला नोकरीला असलेल्या आतेभावाने सुट्टीवर येताना एक छोटा कॉम्प्युटर आणला. दोन दिवसांत त्याला त्याचा कंटाळा आला आणि तो सोबतच्या पुस्तकासकट माझ्या गळ्यात मारून परत गेला. कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड, पाटीएवढा, दाबलं की टिक् वाजणाऱ्या रबराच्या बटणांचा. पडदा म्हणून घरातलाच टीव्ही वापरायचा. अँटेनाची वायर काढायची, त्या जागी याची वायर खुपसायची आणि बटण फिरवत राहायचं. मग मुंग्यांमधून हळूहळू अक्षरं वर यायची. कॉलेजात कॉम्प्युटरचा वर्ग निघणार होता आणि तिथले सर म्हणाले होते, ‘एक चालता प्रोग्राम करून दाखव, मदतनीस म्हणून तुझं नाव पुढे करतो.’ त्या एका वाक्यावर मी दिवस काढत होते.

पुस्तकातला प्रोग्राम मी टाइप केला. परीक्षेचे मार्क घालायचे आणि नंबर लावून यादी काढायची, एवढाच. पण तो चालेना. कुठेतरी एक स्वल्पविराम चुकला तरी सगळं ठप्प व्हायचं, आणि दोनशे ओळींत तो शोधणार कुठे? तेव्हा बाबा म्हणाले, “अगो, रुजवात घे की.”

बाबा जमिनीच्या कागदपत्रांच्या कचेरीत नक्कल कारकून होते. नक्कल तयार झाली की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने आपल्या हातातल्या कागदावर बोट ठेवून ताडून बघायचं, आणि खाली ‘रुजवात घेणार’ म्हणून सही करायची. बाबांचा जन्म त्यात गेला होता. त्यांच्या सहीच्या नकलेत चूक निघाली असं कधी झालं नाही, हे ते आल्यागेल्याला सांगायचे.

तेव्हापासून आमची संध्याकाळ ठरली. कचेरीतून आले, चहा झाला, की ते पाटावर टीव्हीसमोर बसायचे. पुस्तकाचा टाइप बारीक होता. ते म्हणाले, “पुस्तक तू धर बाय, मी टीव्ही वाचतो.” त्यांना इंग्रजी अक्षरं येत होती, अर्थाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. सात-बारा वाचावा तसे ते एका सुरात वाचायचे. “चाळीस, गो टू, एकशेवीस.” मी बोट ठेवून बघायचे. ते आठाला तीन वाचायचे, अर्धविरामाला विसर्गासारखे दोन ठिपके म्हणायचे. मी उठून पडद्याला नाक लावून बघायचे, तर तिथे बरोबरच असायचं.

मला वाटलं, चित्रच धड नाही. आणि ते नव्हतंही. अक्षरांच्या उजवीकडे सावल्या पडायच्या, कडा फुटायच्या. मी हात धुऊन त्या टीव्हीच्या मागे लागले. बाजारपेठेतल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने वायरीचं टोक बघून सांगितलं, “खाऱ्या हवेनं पिन खाल्लीन, ताई.” ती बदलली, लांबलचक वायर कापून आखूड केली. सावल्या गेल्या, कडा तशाच राहिल्या. त्याने मागचं झाकण काढून फोकसचा स्क्रू फिरवला, मला कॉन्ट्रास्ट कमी ठेवायला सांगितलं. थोडा फरक पडला. बाबा मात्र आठाला तीनच म्हणत राहिले.

शेवटी माझी नजर टीव्हीपुढच्या निळ्या प्लास्टिकवर गेली. त्या काळी घरोघरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे रंगीत प्लास्टिकचा पत्रा बसवायचं खूळ होतं. डोळ्यांना त्रास होत नाही म्हणे. आमचा पत्रा बाबांनी स्वतः आणून, चारी कोपऱ्यांत स्क्रू मारून बसवला होता. ‘पोरीचे डोळे जातील’ असं आईला सांगून. त्यावर रोजच्या पुसण्याचे ओरखडे होते आणि तिरपं बघितलं तर खिडकी त्यात दिसायची. इतके दिवस आम्ही त्यातूनच बघत होतो आणि मेकॅनिकलाही तो काढावा असं सुचलं नव्हतं. एका रविवारी दुपारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन तो काढून टाकला.

काय सांगू! पांढऱ्यावर काळी, छापल्यासारखी अक्षरं. आठाच्या पोटातली दोन्ही भोकं खोलीच्या दारातून दिसत होती. मी हाक मारून बाबांना बसवलं आणि ते वाचायला लागले. “एकशेऐंशी, लेट एक्स इक्वल टू तीन.”

समोर ढळढळीत आठ होता. माझा पारा चढला. “बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं? कचेरीत पण असंच करता का?”

बाबांनी पुन्हा वाचायला सुरुवात केली आणि यावेळी सगळं अचूक. दहा ओळी, वीस ओळी, एक चूक नाही. इतकं भराभर की मलाच शंका आली. ते चहाचा कप ठेवायला आत गेले तेव्हा मी पडद्यावरची एक ओळ पुसून तिथे भलतंच काहीतरी लिहिलं. ते येऊन बसले आणि त्या ठिकाणी त्यांनी जुनी ओळ वाचली. तीन आठवडे वाचून आणि माझ्या दुरुस्त्या ऐकून प्रोग्राम त्यांना पाठ झाला होता. समोर त्यांना काय दिसत होतं देव जाणे.

मी पुस्तक मिटलं, तसं त्यांनीही वाचणं थांबवलं. “बदललंस ना काहीतरी?” ते म्हणाले. “बटणं वाजली.”

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. दिवाळीपासून असं होतंय. उजव्या डोळ्याला कडेचं दिसतच नाय, डाव्यालाही अक्षरं अर्धीच दिसतात. कचेरीत ते आता मूळ कागद समोरच्याला वाचायला देतात आणि स्वतः नुसतं बोट फिरवतात. “दीड वर्ष राहिलंय गो रिटायर व्हायला. अनफिट म्हणून घरी बसवतील. तुझ्या आईला बोलू नको.”

मी ‘बरं’ म्हणाले. त्यांच्यासाठी म्हणाले असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. महिन्याभरात मला सरांना प्रोग्राम दाखवायचा होता. घरात दुखणं निघालं असतं तर त्यांना घेऊन मिरजेच्या इस्पितळात मलाच जावं लागलं असतं, आणि तेवढ्यात ती जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. हे सगळं माझ्या डोक्यात त्या पाटाशेजारी बसल्या बसल्या येऊन गेलं. मला स्वतःची लाज वाटली आणि तरी मी ‘बरं’ म्हणाले.

प्रोग्राम चालला. सरांनी शब्द पाळला. मी पहिल्या पगाराचे पेढे आणले, बाबांनी ते कचेरीत वाटले आणि त्या वर्षभरात आम्ही दोघं त्या विषयावर एक शब्द बोललो नाही.

मग एका सकाळी ते कचेरीच्या पायऱ्यांवर पडले. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासायला बराच वेळ लावला. काचबिंदू, म्हणाले. गेलेली नजर परत येणार नाही. वर्षभर आधी आला असतात तर होती तेवढी राखता आली असती.

आई माझ्याकडे वळली. “तू रोज त्यांच्याबरोबर वाचत बसायचीस. तुला कधीच कसं जाणवलं नाही गो?”

मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले. मी जिथे असेन त्या अंदाजाने त्यांनी मान वळवली होती, ती माझ्या जरा बाजूला. “तिला काय ठाऊक? मी कुणाला कळू दिलंच नाय.”

आई रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं आणि बाबांनी सांगितलं तेच खरं असल्यासारखी बसून राहिले.