भागभरीची जीभ

माझी थोरली जाऊ भागभरी माती चाखायची. चिमूटभर तोंडात टाकायची, जरा चघळायची, थुंकायची, आणि सांगायची, इथं सूर्यफूल लावा, इथं नको. सिंधमधल्या आमच्या बदीन जिल्ह्याच्या खालच्या अंगाला समुद्र दरवर्षी एखादं शेत गिळतो, तिथं अशी जीभ म्हणजे वस्तीचा आधार. तिला त्याचा तोराही होता. असायलाच हवा होता.

कालव्यात सिंधूचं पाणी येईनासं झालं तेव्हा तिच्या नवऱ्याने, बचलने, बोअर मारून घेतली. पहिली ओंजळ अर्थातच भागभरीची. "गोड आहे," म्हणाली. झालं. सगळ्या वस्तीने त्या पाण्यावर सूर्यफूल पेरलं. हे पीक हातचं गेलं तर कराचीच्या झोपड्यांत जायचं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

उगवण विरळ झाली. बी वाईट, म्हणालो. पानांच्या कडा करपल्या. वारा वाईट, म्हणालो. चहात दूध फुटायचं, तर म्हशीला शिव्या घालून कोरा चहा प्यायला लागलो. पाण्याला नावं ठेवायची कुणाची हिंमत? ते भागभरीने चाखलं होतं.

मग तिची लेक सभाई पहिल्या बाळंतपणाला हाला गावच्या सासरहून माहेरी आली. चहाचा एक घोट घेतला आणि अंगणात थुंकली.

"अम्मा, साखरेऐवजी मीठ घातलंस का गं?"

सासरी जाऊन नखरे शिकलीस, म्हणत भागभरी हसली. सभाई हसली नाही. तिने माठातलं पाणी चाखलं आणि पेला खाली ठेवला. ती सासरी गेल्यापासून आमचा पिण्याच्या पाण्याचा हातपंप हळूहळू खारावत गेला असणार, आणि त्याच्यासोबत आमच्या जिभाही.

भागभरी उठली ती थेट शेतात. आम्ही दोघी मागोमाग. फुलं जेमतेम बशीएवढी, दाणे दाबावेत तर पोचट. तिने माती तोंडात टाकली, बराच वेळ चघळली. मग थोडी लेकीच्या तळहातावर ठेवली. सभाईने जिभेला लावली न लावली तोच तोंड फिरवलं.

"निव्वळ मीठ आहे, अम्मा."

"मला गोडच लागतेय गं," भागभरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बचलने लेकीला परत सासरी पोचवलं. हे पाणी तिला नको, बाळंतपण तिकडंच होऊ दे, म्हणाला. भागभरीला पुन्हा कुणी माती चाखायला बोलावलं नाही. मला तिचा फार राग आला होता. त्या रागातच मी शेतातली चिमूटभर माती गुपचूप तोंडात टाकली. मलाही गोडच लागली.