पुसलेल्या अकरा ओळी

गेली सव्वीस वर्षं भूगोलाच्या बाई वर्गात शिरल्या की आधी फळा पुसत. यंदा नदीवरचा प्रकल्प चौघा विद्यार्थ्यांनी मिळून एकाच ऑनलाइन पानावर लिहायचा होता. बाई रोज सकाळी ते पान उघडत आणि त्यातली अर्धवट वाक्यं पुसून टाकत.

शेवटी पानावर तिघांचं लिखाण होतं, चौथ्या मुलीचं एक अक्षरही नव्हतं. बाईंनी तिला शून्य दिलं.

"अहो, पानाचा इतिहास तरी बघा," संगणकाचे सर म्हणाले. "कोणी लिहिलं, कोणी पुसलं, सगळी कुंडली निघते."

बाईंनी इतिहास उघडला. त्या मुलीने अकरा दिवस रोज एक अपुरी ओळ लिहिली होती. अकराही वेळा पुसणाऱ्याच्या जागी बाईंचंच नाव होतं. बाराव्या दिवसापासून तिने लिहिणंच सोडलं होतं.

बाईंनी तिला बोलावलं. "अगं, सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माझं आवडत नाहीये."

बाईंनी शून्य रद्द केलं. सरांनी अकरा ओळी परत आणून दिल्या.

"आणि बाराव्या दिवशी काय लिहिणार होतीस?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"आता आठवत नाही, बाई."