काळी भिंत बघायला अकलोलीला

चंदे, माहेर कुठल्या दिशेला आहे ते तरी आठवतं का? गेल्या पत्रातली विहीर तू विसरली असशीलच, म्हणून पुन्हा सांगते. मी, तुझी आई, सांगते आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे. शेतातल्या काळ्या दगडी भिंतीला लागून तुझ्या बाबांनी विहीर खणली. पाण्याची जागा शोधताना पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता. नारळ उभा राहिला, पाणी काही आलं नाही. मग गेल्या सोमवारी त्या भिंतीलाच सुरुंग लावायचे ठरले होते.

तुझ्या मामाकडे अकलोलीत अशीच भिंत आहे, आणि विहिरीला वैशाखातही पाणी. म्हटलं, फोडण्याआधी बघून येते. होळीनंतर तुम्हाला तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर यायचंय ना, तर वाट ऐकून ठेव.

आपल्या वडप्याहून भिवंडीला एसटी मिळते, बसायला जागा मिळत नाही. स्टँडवर यंत्रमागांचा खडखडाट ऐकत गोळीवाला सोडा प्यायले, चार आणे. पुढच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "आजी, तिकीट कुठलं?"

"गुडघे दुखायचे थांबतील तिथलं."

"तिथं गाडी जात न्हाय. वज्रेश्वरी देऊ?"

तिथून चालत अकलोलीला पोचले आणि कुंडात पाय सोडून बसले. सकाळीच जा; दुपारी पाणी आणि ऊन दोन्ही भाजतात. मग मामाने भिंत दाखवली. कमरेएवढी, डोंगराच्या पायथ्याशी आडवी, सरळ. शाळेतले गुरुजीही सोबत आले होते.

"आजी, ही कोणी बांधलेली नाही. जमिनीच्या पोटातला वितळलेला दगड आजूबाजूच्या दगडाहून हलका, त्यात वायू कोंडलेला. भेग सापडली की वर चढतो."

"स्टँडवरच्या सोड्यासारखा?"

"तसाच. वर पोचला तो थरावर थर पसरला, त्याचे हे डोंगर. भेगेत राहिला तो तिथंच थिजला."

"म्हणजे पोळी फाटली, पुरण तव्यावर आलं, उरलेलं फाटेत करपून कडक झालं. एवढ्यासाठी शाळा कशाला काढली? आणि कुंडाचं पाणी त्याच आगीवर तापतं?"

गुरुजी हसले. "ती आग कधीच विझली. पाणी खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापून भेगेतून वर येतं."

मामा म्हणाला, "ताई, डोंगराकडनं येणारं पाणी भिंतीला अडतं. माझी विहीर वरच्या अंगाला हाय. तुझी?"

आमची खालच्या अंगाला. वरच्या अंगाला तुझ्या धाकट्या काकूचं शेत, तिची विहीर भरलेली, आणि बांधाच्या भांडणापासून सहा वर्षं आमचं बोलणं बंद.

"भिंत फोडली तर?"

"त्यांचं पाणी वाहून जाईल," गुरुजी म्हणाले. "तुमच्याकडे थांबेलच असं नाही."

रविवारी परतले, सगळी वाट उभ्याने. घरात न शिरता तशीच काकूच्या दारात गेले.

"सुरुंग लावताय म्हणं," ती आतूनच म्हणाली.

"न्हाय लावत. तेच सांगाया आले."

"आन् पाणी?"

"ते मागाया न्हाय आले."

ती बाहेर आली. मग तांब्या पुढे केला. "पाय किती सुजलेत, जाऊबाय. बसा. उद्यापासनं सुनेला हंडा घेऊन धाडा. तुम्ही पायऱ्या उतरू नका."

सुरुंग नको म्हटल्यावर तुझे बाबा दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी पाणाड्याचा नारळ फोडून खाल्ला. माझा शीण अजून उतरला नाही. गुडघे नेले तसेच परत आणले. भिंत जागच्या जागी आहे, तिच्यावर मी शेणी वाळत घातल्यात.

होळीच्या पोळ्या यंदा काकूकडे करायच्या ठरल्यात. दोन किलो चण्याची डाळ आणि गूळ पाठव. डाळ जरा जास्तच बांध; तिच्या पोळ्या फाटतात.