गरिबीची कारणं लिहिण्याची नोकरी

गरीब देश गरीब का राहतात, याची कारणं लिहून मी काही वर्षं पोट भरलं. अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीत, पूर्वी औषधाच्या गोळ्या बनायच्या त्या इमारतीत आमचं ऑफिस होतं. युरोपातली एक सल्लागार कंपनी निरनिराळ्या सरकारांना विकासाचे अहवाल विकायची. आकडे जमवणं, आलेख काढणं, प्रकरणं लिहिणं हे सगळं आम्ही करायचो. मुखपृष्ठावर नावं तिकडच्यांची. त्यांना लेखक म्हणत, आम्हाला सपोर्ट.

कारणांची फॅशन दोन-तीन वर्षांनी बदलायची. मी लागलो तेव्हा हवामान चालू होतं. उष्ण प्रदेशात माणूस आळसावतो, हे मी एसीत स्वेटर घालून लिहिलं. मग संस्कृती आली: गरीब देशांतल्या लोकांना कामाची शिस्त नसते. मग संस्था: कायदे चांगले, कोर्टं चांगली, की देश श्रीमंत. ही कोर्टं उभारायला पैसा कुठून आला, श्रीमंत देशांची बंदरं कुणाच्या मालाने भरली, असं विचारलं की उत्तर यायचं, तो या अहवालाचा विषय नाही.

उलट बाजूचेही मी पाहिले होते. एमएला आमचे एक प्राध्यापक होते. श्रीमंत देशांनी लुटलं म्हणून आपण गरीब, एवढ्या एका वाक्यावर त्यांनी दोन वर्षं काढली. वाक्य खोटं नव्हतं. पण माझ्या वडिलांना रस्त्यावर आणणारा गिरणीमालक काही परदेशी नव्हता, आणि त्या वाक्यात तो अलगद सुटायचा.

ऑफिसात माझ्या शेजारी वाकोल्याची एक मैत्रीण बसायची. जुन्या गावठाणातल्या कॅथलिक कुटुंबातली, तोंडाने फटकळ. एकदा सेवांच्या व्यापारावरचं प्रकरण तिच्याकडे आलं. तिने त्यात एक पान आमच्याबद्दलच लिहिलं. एकच अहवाल, एकच काम, पण ते अंधेरीत केलं तर वेगळा भाव आणि तिकडे केलं तर वेगळा. हा फरक कौशल्याचा नाही, भाव ठरवायची ताकद कुणाकडे आहे त्याचा आहे. माझ्या मते आमच्या सगळ्या अहवालांतलं तेवढंच एक पान वाचण्यासारखं होतं. तिकडून शेरा आला: हे मत आहे, विश्लेषण नाही. पान काढलं गेलं.

पुढे त्या अहवालाचे मुख्य लेखक विमानतळाजवळच्या हॉटेलात परिषदेसाठी आले आणि आम्हालाही भेटून गेले. मीटिंग रूममध्ये त्यांनी आम्हाला आमचाच अहवाल समजावून सांगितला. मी काढलेल्या आलेखावर बोट ठेवून ते मलाच विचारत होते, "लक्षात येतंय ना?" शेवटी ते म्हणाले, "तुमच्याकडे मेहनत आहे. कमी पडतो तो स्वतंत्र विचार. तुमच्यासारख्या देशांची खरी अडचण तीच आहे."

मैत्रिणीने शांतपणे विचारलं, "सर, यातलं कुठलं प्रकरण तुम्ही लिहिलंत?"

ते हसले. म्हणाले, "अहवाल हे टीमवर्क असतं."

ते गेल्यावर मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं. काचेचं दार बंद होतं तरी आवाज बाहेर येत होता. "तिकडचा साहेब आहे तो. काय गरज होती तुला?"

बाहेर येऊन ती मला म्हणाली, "गरज काय म्हणे. अरे, माहिती हवी होती मला."

तिला कुणी काढलं नाही. वर्षभरात सगळ्यांचीच वाट लागली. आम्ही महाग झालो होतो, असं कंपनीच्या पत्रात चांगल्या शब्दांत लिहिलं होतं. काम नैरोबीला जाणार होतं आणि तिथल्या टीमला शिकवून मगच आम्ही निघायचं होतं. रोज दुपारी व्हिडिओवर पाच-सहा तरुण चेहरे दिसायचे. पोरं हुशार होती. आमच्या आलेखांतले घोळ त्यांनी पहिल्याच आठवड्यात पकडले.

तरी एकदा कॉल संपल्यावर मॅनेजर खुर्ची मागे रेलून म्हणाला, "हे लोक स्लो आहेत यार. त्यांच्याकडे ते वर्क कल्चरच नाही ना." आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. त्यांचीही नोकरी जाणार होती. इतकी वर्षं जे टाइप केलं ते त्यांना आता मनापासून पटलं होतं. मला तिकडच्या साहेबांचाही एवढा राग कधी आला नव्हता. साहेबाला त्याच्या सिद्धांतातून निदान फायदा तरी होता. यांना फक्त आपल्या खाली कुणीतरी आहे हे समाधान.

"ते स्लो नाहीत," मैत्रीण म्हणाली. "आपण त्यांना अर्धी माहिती देतोय, नोकरी दोन महिने लांबावी म्हणून. तूच सांगितलंस तसं करायला."

दुसऱ्या दिवसापासून तिने उरलेली अर्धी माहिती स्वतःच द्यायला सुरुवात केली.

शेवटच्या कॉलवर तिकडच्या एका मुलीने विचारलं, "आमच्यामुळे तुमच्या नोकऱ्या गेल्या का?"

"नाही गं," मैत्रिणीच्या तोंडून मराठीच आलं. मग इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही आज स्वस्त आहात, म्हणून काम तुमच्याकडे आलं. उद्या तुमच्याहून स्वस्त कुणी मिळेल. तोवर दुसरं काही बघून ठेव."

ती आता मुलुंडला एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. मी घाटकोपरच्या एका पतपेढीत आहे. मॅनेजर नैरोबीला गेला, तिथल्या टीमचा प्रमुख म्हणून. अधूनमधून फोटो टाकतो. फोटोत तो फळ्यासमोर उभा असतो आणि समोर बसलेली माणसं त्याचं बोलणं लिहून घेत असतात.