पासष्ट दिवस मीच लावलेला दिवा

लग्न होऊन साताऱ्याहून चेन्नईला आले तेव्हा सासूबाईंनी एकच काम आवर्जून माझ्याकडे सोपवलं: देवघरातला संध्याकाळचा दिवा. त्यांचं घराणं तंजावरकडचं, मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. पाळीच्या चार दिवसांत मात्र दिवा त्या लावणार, असा नियम. मला तो पटत नाही. पण शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात दिवसभर वाद घालून आल्यावर घरी आणखी एक वाद घालायचं त्राण उरत नाही, म्हणून पाळत आले.

त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मला पीसीओएस हा बीजांडकोशांचा आजार आहे. माझी पाळी आपल्या मर्जीची मालकीण. कधी दीड महिन्याने येते, कधी तीन महिन्यांनी. एकोणिसाव्या वर्षी एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लग्न झालं की होईल ठीक." लग्नानंतर दुसऱ्या म्हणाल्या, "एक मूल झालं की होईल ठीक." अहो, ते होत नाही म्हणून तर तुमच्या दारात आले! नवऱ्याला सगळं माहीत होतं, पण घरात आमची अळीमिळी गुपचिळी. सून सदोष निघाली असं सासूबाईंना वाटेल, याची मला भीती वाटायची.

लग्नानंतर गोळ्यांमुळे पाळी फार लांबली नव्हती; गेल्या वर्षी मात्र सलग पासष्ट दिवस दिवा मीच लावला. सासूबाईंनी शितावरून भाताची परीक्षा केली आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत. घरात पपई येणं थांबलं. पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन उचलायला मी वाकले, की त्या खालून वॉचमनला बोलावून घ्यायच्या. डब्यातल्या दहीभातावर डाळिंबाचे दाणे दिसू लागले. वयाबरोबर बाई मऊ झाल्या, असं मी समजत होते.

मग वरच्या मजल्यावर वळैकाप्पु झालं. म्हणजे आपलं डोहाळजेवणच, फक्त त्यात बांगड्यांचा मान मोठा. जिला मूल हवं असेल तिला तिथे गर्भारशीच्या हातातल्या बांगड्या घालतात. एका मामींनी माझा हात धरला. सासूबाई लगबगीने पुढे आल्या, तमिळमध्ये म्हणाल्या, "तिला आता नको," आणि हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच दिवशी खरं सांगायला हवं होतं. मी नऊ दिवस गप्प राहिले. आधी तीन टेस्ट करून झाल्या होत्या, तिन्ही वेळा एकच रेघ. तरी मी मुकाट्याने डाळिंब खात राहिले. खरं सांगायचं तर मला ते लाड आवडत होते. शिवाय माझ्याबद्दल कुणी इतक्या खात्रीने आशा धरून बसलं होतं, की मलाही वाटू लागलं, टेस्टच चुकत असेल. चौथी आणली. पुन्हा एकच रेघ.

दहाव्या दिवशी ऑफिसात पाळी आली. घरी पोचले तर सासूबाई वाती वळून माझी वाट पाहत होत्या.

"आई, आज दिवा तुम्ही लावा," मी म्हणाले.

त्यांनी वाती खाली ठेवल्या. मग मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आजार, गोळ्या, चार टेस्ट, नऊ दिवसांचं माझं मौन. आता बोलणी खावी लागणार म्हणून मान खाली घातली.

"अय्यो, इतकी वर्षं एकटीच सोसलीस?" त्या म्हणाल्या. "मला सांगायचं नव्हतं का गे? मी काय खाल्लं असतं तुला?"

मी माफी मागितली. त्यांनी ती हातानेच उडवून लावली, मला खुर्चीत बसवलं आणि पोट दुखतंय का विचारलं. मी नाही म्हणाले. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"महिनाभर मी आजी होते गे," त्या हळूच म्हणाल्या.

आजवर मी स्वतःसाठी रडले होते, कधी नवऱ्यासाठी. या घरात तिसऱ्या कुणाचं काही जात असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी त्यांना मिठी मारली. जे माझ्या पोटात कधी नव्हतंच त्या बाळासाठी त्या संध्याकाळी आम्ही दोघी रडलो, आणि माझ्याहून त्याच जास्त रडल्या.